चौघांची खोली

निम्मेरावांनी उजव्या हाताने पावाच्या पाकिटावर पिवळी पट्टी दाबली आणि डाव्या हाताने खिशातला फोन अर्धा बाहेर काढून पाहिला. पट्टीवर निम्मी किंमत होती. फोनवर माणशी एकेचाळीस हजार. सकाळी अडतीस होते.

“दुधाला आज लावताय का?” मागे ट्रॉली धरून उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं.

“दुधाला उद्या.”

“उद्या कधी? जेवणाआधी की जेवणानंतर?”

“बाई, दूध आहे ते, सरकारी कचेरी नाही. चारला या.”

बाई हसल्या आणि नुकतीच पट्टी लागलेली दोन पाकिटं उचलून गेल्या. जाता जाता त्यांनी चीजचा एक डबा उचलला, किंमत बघितली आणि तो हळूच लोणच्याच्या बरण्यांमागे सारला. निम्मेरावांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पट्टी लागेपर्यंत दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून गिऱ्हाइकं माल असाच लपवतात. तीन दिवसांनी बाई येतील, डबा मागून काढतील आणि मोठ्या नवलाने म्हणतील, अरे, याची मुदत उद्याच संपतेय की.

या मोठ्या दुकानात त्यांचं काम एवढंच होतं. मुदत संपत आलेल्या मालाची किंमत उतरवायची. एकोणीस वर्षं हेच करत असल्यामुळे त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं दुकानात कुणी उरलं नव्हतं. व्यवस्थापकसुद्धा माइकवरून ‘निम्मेराव, तीन नंबरच्या रांगेत या’ म्हणायचा. एकोणीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. जो थांबतो, त्याला स्वस्त मिळतं. दुकान बंद झाल्यावर उरलेल्या पावाला कवडीची किंमत नसते. मग बंदर सोडून निघालेल्या जहाजातल्या रिकाम्या खोलीला कसली आलीय किंमत? शेवटी तिच्यावरही पिवळी पट्टी लागणारच. इतकं सरळ गणित होतं. आता ते जहाजवाल्यांना कोण सांगणार, हा भाग वेगळा.

जहाजाचं खूळ आबांचं. आबा म्हणजे निम्मेरावांचे वडील. छत्तीस वर्षं त्यांनी शहरातली बस चालवली. अजूनही कुणाच्या गाडीत बसले की पुढचं वळण आलं रे आलं की त्यांचा उजवा पाय आपसूक खाली दाबला जायचा. नात त्यावरून त्यांना चिडवायची. अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला तिनेच विचारलं, आबा, तुम्हाला काय पाहिजे? एरवी ‘मला काय धाड भरलीय’ म्हणणारे आबा त्या दिवशी जरा थांबले. म्हणाले, “एकदा अशा गाडीत बसायचंय की माझा पाय ब्रेकवर जाणार नाही.” आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. त्या महिन्याच्या पानावर एक पांढरंशुभ्र जहाज होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी निम्मेराव त्यांना तपासणीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले, पुन्हा पहिल्या पानावर आल्या. “प्रवासाचं म्हणत होतात ना? जायचं असेल तर यंदा जा,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षीचं मी आत्ता काही बोलत नाही.” आबा तेव्हा बाहेर बूट घालत होते. त्यांनी ऐकलं की नाही, हे निम्मेरावांनी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

म्हणजे जायचं यंदाच. नवरा-बायकोच्या रजा आणि लेकीच्या शाळेची सुट्टी जुळत होती ती अकरा तारखेपासूनच्या आठवड्यात, आणि त्या आठवड्यात क्रूझ एकच होती. बिनखिडकीची, चौघांची खोली माणशी एकतीस हजार. बायको म्हणाली होती, घेऊन टाका. पण नाव निम्मेराव, आणि पूर्ण किमतीला घ्यायचं? ते म्हणाले, थांब, उतरेल.

भाव चढला. चौतीस झाले. मग त्यांना त्या पानावर खाली एक बटण सापडलं: ‘खोली तीन दिवस राखून ठेवा, पैसे नंतर.’ खोली राहणार. भाव मात्र पैसे भरायच्या दिवशी जो असेल तो. निम्मेराव खूश झाले. बरणीमागे डबा सारावा तशी खोली राखून ठेवायची, भाव उतरला की उचलायची. एका फोन नंबरावर एकच खोली मिळत होती. आधी स्वतःच्या नंबरावर घेतली. अडतीस झाल्यावर धास्तीने बायकोच्या नंबरावर एक. मग लेकीच्या. मग मेव्हण्याला, तो दुसऱ्या शहरात असूनही, ‘फोनवर आकडे येतील ते वाचून दाखव, का ते विचारू नकोस’ असं सांगून एक. दर तीन दिवसांनी मुदत संपायची आणि ते पुन्हा राखून ठेवायचे.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पायातले बूट काढायच्या आधी लेकीला विचारलं, “किती?”

“त्रेचाळीस,” ती वहीतून मान वर न काढता म्हणाली. “बाबा, माझ्या खोलीची मुदत उद्या सकाळी संपतेय. मी शाळेत असेन. तूच दाब.”

“हिची खोली, तिची खोली,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ती एका हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायची आणि घरातल्या बोलण्याच्याही तशाच चापूनचोपून घड्या घालायची. “अति शहाणा त्याचा बैल रिकामा. एकतीसला मिळत होती.”

“उतरणार. अजून चोवीस दिवस आहेत.”

“पावाला चोवीस दिवस ठेवून बघा एकदा.”

आबा खिडकीजवळच्या खुर्चीत दुखरा गुडघा चोळत बसले होते. ते हसले. या सगळ्या प्रकरणात तेच काय ते शांत होते, आणि त्याचंच निम्मेरावांना जास्त लागत होतं. आबांनी एकदाही विचारलं नाही की जमलं का, किती झाले, कधी घेणार.

“इतकं अंगाला लावून घेऊ नकोस,” आबा म्हणाले. “रजा पक्की आहे ना तुमची? अकरापासून?”

“पक्की आहे.”

“मग झालं तर. बस येते. थांब्यावर माणसं पाहिजेत, एवढंच.”

निम्मेरावांना हे बोलणं गोड लागलं नाही. छत्तीस वर्षं नोकरीत एकही दिवस उशीर न केलेल्या माणसाने एकच गोष्ट मागितली, आणि आपण घासाघीस करत बसलोय. जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. बायकोने दोनदा वाढलं, दोन्ही वेळा ते ‘पुरे’ म्हणाले आणि दोन्ही वेळा सगळं संपवलं.

शनिवारी दुपारी दुकानाच्या गोदामात खोक्यावर बसून त्यांनी फोन उघडला आणि त्यांची पाचावर धारण बसली. माणशी सेहेचाळीस हजार. खाली लाल अक्षरांत: ‘फक्त २ खोल्या शिल्लक.’

त्यांनी बायकोला फोन लावला.

“निघ,” ते म्हणाले. “त्यांच्या कचेरीत जाऊ. समोर बसून बोलू. सेहेचाळीस म्हणाले तर सेहेचाळीस. घेऊनच यायचं.”

बायको काहीतरी बोलणार होती. पण नवऱ्याने आपणहून पूर्ण किंमत द्यायची भाषा केलेली ती लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होती. ती म्हणाली, “येते.”

जहाज कंपनीची कचेरी एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होती. तीन खुर्च्या, एक टेबल, आणि भिंतीवर निळ्या पाण्याची इतकी चित्रं की बसल्या जागी गारठल्यासारखं व्हावं. टेबलामागे मध्यम वयाची एक कारकूनबाई बसली होती. चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. निम्मेरावांनी वाटेत घोकलेलं भाषण सुरू केलं. जुना भाव, नवा भाव, रिकामी खोली, कवडीची किंमत. बाईंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“फोन नंबर?” त्यांनी विचारलं.

निम्मेरावांनी सांगितला. बाईंनी चष्मा चढवला, कळा दाबल्या, आणि मग बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

“तुमचा पत्ता हाच ना? तिसरा मजला, पाण्याच्या टाकीसमोर?”

“हाच.”

“या जहाजावर अशा चौघांच्या खोल्या अकरा आहेत,” बाई म्हणाल्या. “त्यांतल्या तुमच्या पत्त्यावर किती राखून ठेवल्यात, माहीत आहे का तुम्हाला?”

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

“एक तुमच्या नंबरावर. एक यांच्या. एक कोण, मुलगी का? आणि एक गृहस्थ आहेत, नंबर दुसऱ्या गावचा, पत्ता तुमचा. चार झाल्या. आमचं मशीन काय बघतं, खोल्या भराभर चालल्यात. मग ते भाव चढवतं. तुम्ही एक खोली राखली की तीन हजार वर, दुसरी राखली की आणखी वर. मुदत संपायच्या आत तुम्ही परत राखता, म्हणजे ते खाली यायला वावच नाही. महिनाभर मी विचार करतेय, या आठवड्याला लोक एवढे का तुटून पडलेत.”

“म्हणजे हे,” बायकोने नवऱ्याकडे बोट केलं, “हे स्वतःशीच चढाओढ करत होते?”

“असंच म्हणायला लागेल.”

निम्मेरावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. तो स्वच्छच होता. लोणच्याच्या बरण्यांमागे डबा सारणाऱ्या शिक्षिकाबाई त्यांना आठवल्या. त्या निदान एकच डबा सारत होत्या. स्वतःच्या हाताने स्वतःच्याच पायावर धोंडा, आणि तो महिनाभर रोज नेमाने. बायको हसेल किंवा ओरडेल म्हणून ते वाट पाहत राहिले. ती दोन्ही करत नव्हती. ओठ घट्ट दाबून ती समोरच्या चित्रातल्या पाण्याकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

“सोडा,” निम्मेराव म्हणाले. “चारी सोडा.”

बाईंनी एकेक कळ दाबली. चार वेळा. मग पडदा या दोघांच्या बाजूला फिरवला. सहा खोल्या शिल्लक. माणशी चौतीस हजार.

निम्मेरावांचा जीव भांड्यात पडला. इतका वेळ आपण खुर्चीच्या कडेवर टेकलो होतो हे त्यांना आत्ता कळलं. ते मागे सरकून नीट बसले. चौतीस. एकतीस नव्हे, पण सेहेचाळीसही नव्हे. आबा जाणार. त्यांनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि बायकोला न विचारता म्हणाले, “चौघांचे घ्या. पूर्ण किंमत. सूटबीट काही नको.”

बाईंनी कार्डाला हात लावला नाही.

“मग ती पाचवी खोली रद्द करायची का?” त्यांनी विचारलं.

“पाचवी कुठली? आम्ही चारच राखल्या.”

“ही राखलेली नाही. हिचे पैसे भरलेत. रोख. दीड महिन्यापूर्वी, एकतीसच्या भावाने.” त्यांनी तीन नावं वाचली. पहिलं निम्मेरावांचं, खरं, पूर्ण नाव. दुसरं बायकोचं. तिसरं लेकीचं.

बायकोचे खांदे थांबले.

“कुणी भरले?” तिने विचारलं.

बाई जरा घुटमळल्या. “मी सांगायला नको होतं. पण आता रद्द करायचा प्रश्न आला म्हणून. एक म्हातारे गृहस्थ आले होते. गुडघ्याने अधू. जिना चढून आले आणि त्या मधल्या खुर्चीत पाच मिनिटं नुसते बसले. म्हणाले, मुलाच्या लग्नाला पंधरा वर्षं होतायत, त्या दिवशी पाकीट द्यायचंय. पोस्टाने काही पाठवू नका, फोन करू नका.”

लग्नाचा वाढदिवस पुढच्या गुरुवारी होता.

“तीनच?” निम्मेरावांनी विचारलं.

“मीही तेच विचारलं. म्हटलं, खोली चौघांची आहे, तुम्हीपण जा की. तर म्हणाले, तिघांचेच जमलेत. आणि म्हणाले...” बाईंनी चष्मा काढून खाली सोडला. “म्हणाले, मी जन्मभर लोकांना पोचवूनच घरी आलोय. मला सवय आहे.”

खालच्या बँकेत कुठलंतरी यंत्र नोटा मोजत असावं, त्याचा फरफर आवाज येत होता. बायकोने पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले आणि नवऱ्यावर चिडल्यासारखी म्हणाली, “बघताय काय नुसते? विचारा ना.”

“चौथा माणूस,” निम्मेराव म्हणाले. “त्याच खोलीत. चालेल का?”

“पलंग आहे. वरचा, भिंतीला दुमडून ठेवलेला. पैसे भरलेल्या खोलीत नंतर वाढलेल्या चौथ्याला भाडं पडत नाही, बंदराचा कर आणि जेवणाचे पैसे तेवढे. साडेनऊ हजार.” बाई पुढे म्हणाल्या, “पण ते माझ्या हातात नाही. किती माणसांमागे किती जीवरक्षक होड्या, ते ठरलेलं असतं. खोलीत जागा असली तरी, विकायच्या खोल्या धरून जहाजाची मोजणी भरली असेल, तर एक डोकंही वाढवता येत नाही. मुख्य कचेरीला विचारायला लागेल.”

त्यांनी फोन लावला. पलीकडे कुणीतरी थांबायला सांगितलं. निम्मेरावांनी एकोणीस वर्षांत इतक्या लोकांना थांबायला शिकवलं होतं, पण त्या चार मिनिटांत त्यांना स्वतःला थांबता येईना. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, बसले. बायकोने त्यांचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. चौतीसची खोली समोर रिकामी होती, तीही चालली असती, पण आता त्यांना ती नको होती. आबांनी घेतलेल्या खोलीतच आबा हवे होते.

“हो,” बाई फोनमध्ये म्हणाल्या. “हो. एकच. नाही, वयस्कर. बरं.” त्यांनी फोन ठेवला. “झालं. दोन जागा होत्या. त्यातली एक तुमची.”

निम्मेरावांनी जो श्वास सोडला तो बाईंनाही ऐकू आला असावा, कारण त्या हसल्या आणि एक छापील अर्ज पुढे ओढला.

“चौथ्या प्रवाशाचं नातं?”

“वडील.”

“वय?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“चढता-उतरताना मदत लागते?”

“ते नाही म्हणतील,” निम्मेराव म्हणाले.

“लागते लिहा,” बायको म्हणाली. “आणि वरच्या पलंगावर मुलगी झोपेल. तेही कुठेतरी लिहा, नाहीतर ते आपणच वर चढून बसतील.”

साडेनऊ हजार भरले. निम्मेरावांनी पावती वाचलीसुद्धा नाही, तशीच घडी करून बायकोच्या हातात दिली. तिने ती उलगडली, नीट चार कोपरे जुळवून पुन्हा घातली आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

खाली रस्त्यावर आल्यावर ते बँकेच्या पायरीवर थांबले. शनिवारची गर्दी होती. बायको म्हणाली, घरी जाऊनच सांगू. निम्मेराव हो म्हणाले आणि त्याच क्षणी त्यांनी फोन लावला. आबांनी लगेच उचलला. ते फोन शेजारीच ठेवून बसत असत.

“आबा, अकरा तारखेपासून आठ दिवस काही काम आहे का तुम्हाला?”

“मला कसलं काम? का रे?”

“आम्हाला पोचवायला यायचंय.”

आबांना कळलं होतं की यांना कळलं.

“त्या बाईला सांगितलं होतं मी, बोलू नका म्हणून,” आबा म्हणाले. मग जरा वेळाने, “पोचवतो की. बंदरापर्यंत ना?”

“नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत. आणि मग परत. चार तिकिटं आहेत, आबा.”

निम्मेरावांनी फोन कानावरून काढून पाहिला, चालू आहे ना म्हणून. चालू होता. बायकोने कान जवळ आणला. घरातल्या पंख्याची घरघर येत होती, आणि आबांनी खुर्चीतून उठताना नेहमी होणारा गुडघ्याचा आवाज.

“माझा तो राखाडी स्वेटर,” आबा म्हणाले, “सूनबाईला म्हणावं, धुवायला टाकायला लागेल.”